डोक्याला जबर मार, आठ महिने झाले: चालतो-बोलतो, पण घरचं गाडं अडलंय

पाटीपेन्सिल · रविवार, रात्री १०.४०

आधी हकिकत थोडक्यात देतो, म्हणजे उत्तरं नेमकी मिळतील.

मोठा भाऊ, वय ३८. दुचाकीला मागून टेम्पोची धडक, हेल्मेट नव्हतं. दाखल करताना जीसीएस (शुद्धीची मोजणी, ३ ते १५) ६. डिस्चार्ज कार्डावर डिफ्यूज ॲक्सोनल इंज्युरी (मेंदूतले तंतू ताणून तुटणं) आणि दोन्ही फ्रंटल लोबमध्ये (कपाळामागचा भाग) कंट्यूजन (रक्ताळलेला मुका मार), उजवीकडे जास्त. सूज उतरेना म्हणून कवटीचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलं होतं, ते चौथ्या महिन्यात परत बसवलं. डोळे सतराव्या दिवशी उघडले, पण कालचं आज आठवायला लागलं ते सातवा आठवडा उलटल्यावर. फिट एकदाही आलेली नाही.

चालू गोळ्या: फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासेटम ५०० सकाळ-संध्याकाळ, मेंदूसाठी म्हणून सिटिकोलीन-पिरासेटमची एकत्र गोळी दोन वेळा, रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम ०.५.

आता चालतो, हाताने जेवतो, बोलणं स्पष्ट. भेटायला येणारे म्हणतात, "हा तर ठणठणीत आहे." घरात मात्र सकाळी उठवून बसवलं की तासभर पलंगाच्या कडेला तसाच. आई म्हणते आळशी झालाय. एकच प्रश्न दिवसातून दहा वेळा. संध्याकाळी पोरांवर भडकतो (मुलगा १०, मुलगी ५), परवा वाटी फेकली. स्वतःला काही झालंय हेच मान्य नाही; "गाडीची किल्ली द्या, सोमवारपासून कामावर जातो." खासगी कंपनीत स्टोअर सांभाळायचा. फोनवरून काहीबाही मागवतो, एका ॲपवरून कर्जही घेतलंय. अपघाताच्या भरपाईचा दावा मोटार अपघात ट्रिब्युनलमध्ये दाखल केलेला आहे. वहिनी बिनपगारी रजेवर आहे आणि पार थकलीय.

अजून किती सुधारेल? गोळ्या कधीपर्यंत? घरात नेमकं काय बदलायचं? कागदपत्रांचं काय?

हातमाग · सोमवार, सकाळी ७.१५

ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं पुन्हा जमवून देणारी थेरपी) बाजूने लिहितो. गोळ्या आणि कायदा बाकीच्यांवर सोडतो.

"किती सुधारेल" याचा अंदाज बेशुद्धीच्या दिवसांपेक्षा त्या सात आठवड्यांवरून जास्त बरा बांधता येतो. मार लागल्यापासून सलग आठवण परत येईपर्यंतचा काळ चार आठवड्यांच्या वर गेला की तो अतिगंभीर गटात धरतात. वेग पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त असतो, दोन वर्षांपर्यंत फरक डोळ्यांना दिसतो, त्यापुढे तो सवयींमधून आणि घरच्या मांडणीतून येतो. म्हणजे आठव्या महिन्यात आशा सोडायचं कारण नाही. मात्र "सहा महिने झाले, आता आपोआप होईल" म्हणत हातावर हात ठेवून बसलात तर सर्वांत कामाचा काळ निघून जाईल. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत गंभीर मार लागलेल्यांपैकी साधारण निम्मे लोक वर्षभराने निदान दिवसातले आठ तास घरी एकटे राहू शकत होते. मी तुमच्यासाठी पहिलं ध्येय तेच धरलं असतं. नोकरी नंतर.

आता आळस. तुमच्या आईंना एक सांगा: आळशी माणूस नावडतं काम टाळतो. दादा आवडती क्रिकेटची मॅचसुद्धा स्वतः उठून लावत नसतील, फक्त कोणी लावली तर बघत असतील. फ्रंटल लोबला मार लागला की काम कसं करायचं ते येतं, सुरुवात करायची कळ तेवढी दबत नाही. घरच्या घरी तपासा. टॉवेल हातात देऊन दाराशी नेऊन सोडलं की पुढची आंघोळ बऱ्यापैकी होते का? होत असेल तर अडचण सुरुवातीची आहे, आणि उपदेशाचा तिच्यावर काडीचा उपयोग नाही.

म्हणून "आंघोळ करतोस का?" हा प्रश्न घरातून हद्दपार करा. त्याचं उत्तर कायम "नंतर" येणार. पाणी काढून ठेवायचं, कपडे घालायच्या क्रमाने खुर्चीवर लावायचे (बनियन सर्वांत वर, पँट खाली), आणि म्हणायचं, "चल, पाणी काढलंय." चार-पाच शब्द, एका वेळी एकच गोष्ट. मग मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प. याच ठिकाणी घरचे हमखास चुकतात: तीन सेकंदांत उत्तर आलं नाही की तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा बोलतात, आणि त्या बिचाऱ्याला पहिलं वाक्य सोडून दुसऱ्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. सलग तीन दिवस एखादी पायरी न सांगता झाली की तेवढी सांगणं बंद करा, पुढचीही काढायची घाई नको.

बाथरूममध्ये पाठ टेकता येईल अशी प्लास्टिकची खुर्ची, खाली रबरी मॅट, आतली कडी काढून बाहेरून उघडेल असं कुलूप. फिट आली नसली तरी येण्याची शक्यता वर्षानुवर्षं राहते. पाणी दुसऱ्याने मिसळायचं. काहींना गरम-गारचा अंदाज उशिरा येतो.

संध्याकाळचा संताप बहुतेक थकव्याचा असतो. जखमी मेंदूला साधं जेवण-गप्पा यातही आपल्यापेक्षा जास्त जोर लावावा लागतो, आणि दिवस कलला की तो संपतो. थकव्याची खूण भडकण्याच्या आधी दिसते: कपाळ चोळणं, जांभया, शब्द जड होणं, एका डोळ्याची पापणी उतरणं. प्रत्येकाची वेगळी असते, वहिनींना ती माहीत असणार. ती दिसली की थांबायचं. पंचेचाळीस मिनिटं काम आणि वीस मिनिटं अंधाऱ्या खोलीत आडवं पडणं, फोन बाहेर ठेवून. दुपारची झोप अर्धा-पाऊण तास, साडेतीनच्या आत उठवायचं. डॉक्टर, बँक, थेरपी, महत्त्वाचं बोलणं, सगळं सकाळी ९ ते ११.

त्यासोबत दोन आठवडे वहीत चार रकाने भरा: वेळ, आधी काय चाललं होतं, त्यांनी काय केलं, नंतर घरच्यांनी काय केलं. पंधरा नोंदी झाल्या की दोनच कारणं पुन्हापुन्हा दिसायला लागतात. नेहमीचं त्रिकूट म्हणजे कुकरची शिट्टी, चालू टीव्ही आणि मुलांचं बोलणं, तिन्ही एका वेळी. पोरांना दिवसभर "हळू" म्हणत बसण्यापेक्षा कुकर दादांच्या झोपेच्या वेळी लावा, जेवताना टीव्ही बंद ठेवा, ताटावर एका वेळी एकानेच बोला. भडकलेच तर वाद नको, खांद्यावर हात नको, दारात उभं राहू नका. वाट मोकळी ठेवून एकानेच हळू आवाजात बोलायचं, बाकीच्यांनी उठून जायचं. वीस मिनिटांनी शांत झाल्यावर उलटतपासणी घेऊ नका. पुष्कळदा त्यांना आठवतही नसतं, आणि आठवलं तर ते पुन्हा भडकायला पुरतं.

आठवणीबद्दल: "आठवतंय का सांग बरं, हा कोण?" ही पाहुण्यांची आवडती परीक्षा ताबडतोब बंद करा. अंदाजाने चुकीचं उत्तर दिलं की तेच डोक्यात बसतं आणि पुढच्या वेळी तेच वर येतं. बरोबर उत्तर आधी द्यायचं, मग त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचं: लगेच, एक मिनिटाने, पाच मिनिटांनी, पंधरा मिनिटांनी. कुठे चुकलं तर त्याआधीच्या अंतरावर परत यायचं.

अर्धीगोळी · सोमवार, दुपारी १.०५

गोळ्यांबद्दल. यातलं काहीही स्वतःहून बंद करायचं नाही. पुढच्या भेटीत विचारायचे प्रश्न म्हणून वाचा.

लेव्हेटिरासेटमने चिडचिड वाढते, हा तिचा सर्वांत ओळखीचा दुष्परिणाम आहे. तारखा जुळवून बघा, डोस वाढला त्याच सुमारास संताप वाढला होता का? दुसरं असं की मार लागल्यावर फिट न आलेल्या रुग्णाला प्रतिबंधक गोळी साधारण सात दिवस देतात. पहिल्या आठवड्यातल्या फिट त्याने टळतात, पुढच्या टळतात असं दिसलेलं नाही. हाड परत बसवण्याच्या ऑपरेशननंतर मात्र फिट येऊ शकते, म्हणून काही सर्जन तेव्हा ती चालू ठेवतात. प्रश्न सरळ विचारा: "एकदाही फिट नाही, हाड बसवून चार महिने झाले, ही गोळी आता कशासाठी आणि कधीपर्यंत?" बंद करायचीच ठरली तर हळूहळू उतरवतात. एकदम सोडली की फिट येऊ शकते, आणि मग ती आजाराची की गोळी सोडल्याची हे कोणालाच सांगता येत नाही.

सिटिकोलीन: २०१२ मध्ये अमेरिकेत १,२१३ रुग्णांवर ९० दिवस देऊन तपासलं, साखरेच्या गोळीपेक्षा फायदा दिसला नाही. आपल्याकडे ती डिस्चार्ज कार्डावर जवळजवळ छापलेलीच असते. पिरासेटम हे लेव्हेटिरासेटमचं चुलत भावंड आहे आणि त्यानेही काहींना अस्वस्थपणा येतो. महिन्याचं त्या गोळीचं बिल आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या चार फेऱ्यांची फी शेजारी मांडून डॉक्टरांशी बोला.

क्लोनाझेपाम: झोप लागते, पण शिकण्याची ताकद कमी होते, तोल जातो, आणि मेंदूला मार लागलेल्या काहींना उलट चेकाळायला होतं. तीही एकदम सोडायची नसते. रागासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखे दुसरे पर्याय असतात, दमा असेल तर ते आधी सांगायचं. दुकानातून आणलेली सर्दीची क्लोरफेनिरामीनची गोळीही अशा माणसाला दोन दिवस गोंधळात टाकते. पायदुखीला कोणी ट्रामाडॉल लिहिलं तर "डोक्याला मार आहे" हे सांगा, त्याने फिटचा उंबरठा खाली येतो. दारू अजिबात नाही, लग्नातली "थोडीशी"सुद्धा.

आळशीपणाच्या शिक्क्याआधी एक रक्ततपासणी कराच. जबर मारात पिट्युटरी ग्रंथीला (मेंदूखालची, हार्मोन्सवर ताबा ठेवणारी ग्रंथी) धक्का बसू शकतो आणि महिन्यांनी हार्मोन्स कमी पडलेले सापडतात. सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल आणि टेस्टोस्टेरॉन, सोबत टीएसएच आणि फ्री टी४ (दोन्ही थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन, सोडियम. फक्त टीएसएच करू नका: बिघाड पिट्युटरीत असेल तर टीएसएच नॉर्मल दिसतो आणि टी४ खाली असतो, मग "थायरॉइड ठीक" म्हणून रिपोर्ट फाइलला लागतो.

उलट्या दिशेने जाणारी गोष्ट कधीच "असं होतंच" म्हणून सोडू नका. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे, कपड्यात लघवी, सुस्ती वाढत चाललीय, ही तिन्ही मिळून आली तर मेंदूत पाणी साठतंय का हे बघायला सीटी लागतो. कवटीचं हाड काढलेल्यांमध्ये हे जास्त. बसवलेल्या हाडाच्या जागी खड्डा पडत चालला, हाड हलल्यासारखं लागलं, लाली किंवा पू आला तर सर्जनकडे. स्वतःचंच हाड परत बसवलं की ते काहींमध्ये विरघळतं. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखे थेंब पडले तर त्याच दिवशी दवाखाना. आणि म्हणूनच, न्यूरोसर्जनला विचारल्याशिवाय नाकात तेल-तूप सोडायचं नाही, टाळूला मालिश नाही. आजीबाईंचा बटवा इथे बाजूला ठेवा.

फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. चमचा, कांदा, चप्पल, काहीही नको. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली तर १०८.

वास येतो का तपासलंत? डोळे मिटून, एक नाकपुडी दाबून, कॉफी आणि साबण. फ्रंटल माराच्या रुग्णांत वास गेलेला असणं फार नेहमीचं आहे आणि तो गेलाय हे त्यांना स्वतःला कळत नाही. "जेवणाला चव नाही" म्हणून बायकोवर राग निघतो तो यामुळेही. वास नसेल तर गॅसचा डिटेक्टर बसवा. सिलिंडर असेल तर जमिनीपासून फूटभर उंचीवर, कारण तो गॅस खाली बसतो. पाइपचा गॅस असेल तर छताजवळ, तो वर जातो. दुकानदार दोन्हीकडे एकच उंची सांगून बसवून जातो.

पाटीपेन्सिल · सोमवार, रात्री ९.३०

खूप आभार. वास तपासला, कॉफी आणि साबण दोन्ही "काहीतरी गोड" सांगितलं. सिलिंडरच आहे, डिटेक्टर खाली लावतो.

किल्ली लपवली होती, जादाची त्याने शोधून काढली. गाडीचं काय करावं? आणि कर्जाच्या ॲपचं?

दस्तऐवज · मंगळवार, सकाळी १०.५०

गाडी. किल्ली लपवू नका, गाडीच हलवा. दुसऱ्या गावी नेऊन ठेवा किंवा विका. लपवलेली किल्ली म्हणजे रोजचा शोध आणि रोजचं भांडण, आणि त्यात पोलीस कोण तर वहिनी. न्यूरोच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर एक ओळ लिहून घ्या, "पुढील तपासणीपर्यंत वाहन चालवू नये," तारीख आणि सही. कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. वाद निघाला की वहिनींनी फक्त कागदाकडे बोट दाखवायचं. नियम घराबाहेरून आला की घरातल्या माणसावरचा राग निम्मा होतो. पुढे लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फिट आणि शुद्ध हरपण्याबद्दल विचारतात; तिथे खोटं लिहिलं तर पुढच्या अपघातात विमा कंपनी तोच कागद काढते.

पैसे. सही करताना समजत नसेल तर मुखत्यारपत्राला काही अर्थ नाही, दहा वर्षांनी कोणीही ते उडवू शकतं. समज बऱ्यापैकी असेल तेव्हाच, सकाळच्या वेळी, बँक अधिकाऱ्यासमोर खातं संयुक्त करून घ्या, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" या प्रकारात. मुख्य खात्याचं नेटबँकिंग आणि यूपीआय बंद, क्रेडिट कार्ड परत. त्यांचा हात पूर्ण रिकामा ठेवलात तर ते दुसरी वाट शोधतील, म्हणून यूपीआय सर्कल वापरा: ते व्यवहार सुरू करतात, वहिनींच्या फोनवर मंजुरी येते, मग पैसे जातात. खात्यावर लागलेले ऑटो-डेबिट आज तपासा. कर्जाच्या ॲपला वैद्यकीय कागद जोडून ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरून धमक्या आल्या तर सायबर हेल्पलाइन १९३०.

निर्णय अजिबातच घेता येत नसेल अशा रुग्णासाठी अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १४ खाली मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. कोमात असलेल्यांच्या बायकांनी थेट मुंबई उच्च न्यायालयातून पालकत्व मिळवलेलं आहे. तुमच्या दादांना त्याची गरज दिसत नाही, आणि गरज नसताना माणसाचा अधिकार काढून घेऊ नये.

अपंगत्वाचा दाखला. याच कायद्यातल्या २१ प्रकारांत "डोक्याला मार" असा वेगळा प्रकार नाही. त्यामुळे परिणामांवरून जावं लागतं: हात-पाय, दृष्टी, बोलणं, मानसिक स्थिती, एकाहून जास्त असतील तर बहुविकलांगता. मेडिकल बोर्डासमोर रुग्ण नीट चालत गेला आणि हसून उत्तरं दिली की टक्के घसरतात, हे पुन्हापुन्हा घडतं. म्हणून आधी आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी करून घ्या: अवधान, स्मृती, नियोजन. दोन-तीन तास लागतात, एका बैठकीत उरकू देऊ नका. यूडीआयडी कार्डाच्या (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) अर्जाला तो रिपोर्ट जोडा. सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेषा आहे.

दावा. हाच रिपोर्ट तिथेही लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार प्रकरणात स्पष्ट केलंय की दाखल्यावरचे टक्के आणि कमाई बुडाल्याचे टक्के ही दोन वेगळी गणितं आहेत. हाताचं बोट गेलं तर कारकुनाचं एक होतं, सुताराचं दुसरं. स्टोअर सांभाळणाऱ्याची स्मृती गेली तर काय उरतं, हे पुराव्याने दाखवा: जुन्या कामाचं स्वरूप सांगणारं कंपनीचं पत्र सर्वांत उपयोगी. २०२० च्या काजल विरुद्ध जगदीशचंद प्रकरणात सांभाळणाऱ्या माणसाचा खर्चही गुणक (वयावरून ठरणारा वर्षांचा आकडा) लावून आयुष्यभराचा धरला होता. तेव्हा वहिनींच्या बिनपगारी रजेचं पत्र, अटेंडंट पुरवणाऱ्या ब्युरोच्या पावत्या, फिजिओच्या तारखांसह पावत्या, रिक्षाचे पैसे, सगळं एका फाइलला. स्थिती स्थिरावण्याआधी तडजोडीवर सही करू नका. इतर वाचकांसाठी: १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे, ती पकडूनच चाला.

नोकरी. अपंग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २०(४) नुसार सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही, पण ते सरकारी आस्थापनांना लागू आहे. खासगीत बोलणीच करावी लागतात. भांडणाच्या भरात राजीनाम्याचा मेल जाणार नाही एवढं आधी बघा. ऑफिसचा ईमेल फोनवरून काढा.

हातमाग · मंगळवार, दुपारी २.२०

नोकरीवर एक भर. पहिले तीन महिने घरीच सराव: सकाळी दोन तास, आठवड्यातून तीन दिवस, खऱ्या कामासारखं काम. त्यांच्यासाठी स्वयंपाकघराचा साठा मोजून वहीत लिहिणं हे उत्तम, जुन्या कामाचीच छोटी आवृत्ती. चुका मोजा. चुकांचा आकडा दोन आठवडे स्थिर राहिला की अर्धा तास वाढवा. यातूनच "मला काही झालेलं नाही" यालाही उत्तर मिळतं: साठा मोजण्याआधी त्यांनाच विचारा, "किती चुका होतील?" आकडा लिहून घ्या, नंतर शेजारी खरा आकडा लिहा. कोणी काही बोलायचं नाही. आजाराची जाणीव नसणं हाही माराचाच भाग आहे, तो हट्ट नव्हे, आणि वाद घालून ती येत नाही. स्वतःच्या हस्ताक्षरातल्या दोन आकड्यांनी थोडी येते.

उंबरठा · मंगळवार, रात्री ११.००

वैद्यकीय समाजकार्याच्या बाजूने. वहिनींबद्दल एका ओळीत प्रश्न आलाय, मला तो सर्वांत मोठा वाटतो.

सध्या त्या बायको, नर्स, चौकीदार आणि मुलांची आई अशा चार पाळ्या करतायत. त्यातली चौकीदाराची आधी काढा. पैसे आणि गाडीचा "नाही" तुम्ही फोनवरून म्हणायचा किंवा डॉक्टरांच्या कागदाने. गोळ्यांची सात दिवसांची डबी रविवारी आईंनी भरायची. त्यांनाही "आळशी" म्हणण्यापेक्षा बरं काम मिळेल. आठवड्यातले दोन अर्धे दिवस वहिनींचे, वार ठरलेले, कारण न सांगता. ब्युरोला फोन कराल तर ते बारा तासांचा अटेंडंट सुचवतील, तो अंथरुणावरच्या रुग्णासाठी असतो. तुम्हाला चार तास सोबत करणारा माणूस हवाय: फिरायला नेईल, यादी वाचून वाणसामान आणेल. त्याला चार रकान्यांची वही आणि थकव्याची खूण पहिल्याच दिवशी समजावा, नाहीतर आठवड्यात पळून जातो.

नवरा समोर आहे आणि तरी तो नाही, याचं दुःख बायका बोलून दाखवत नाहीत, कारण "जीव वाचला ना" हे ऐकावं लागतं. शरीरसंबंधाबद्दलही कोणी विचारत नाही. इच्छा पार जाणं आणि भलत्या वेळी भलती वाढणं, दोन्ही या आजारात होतं. पहिल्यात टेस्टोस्टेरॉन आणि गोळ्या तपासाव्यात. दुसऱ्यात वहिनींना नकाराचा पूर्ण हक्क आहे आणि वेगळ्या खोलीत झोपणं म्हणजे संसार मोडणं नाही.

मुलांना खोटं सांगू नका. पाच वर्षांच्या मुलीला: "बाबांच्या डोक्याच्या आत लागलंय. ते दिसत नाही. म्हणून मोठा आवाज झाला की त्यांना त्रास होतो. तू काही चुकीचं केलेलं नाहीस." शेवटचं वाक्य दर वेळी. दहा वर्षांच्या मुलाला बाबांवर लक्ष ठेवायला बसवू नका. तो हो म्हणेल, आणि काही बिनसलं की आयुष्यभर स्वतःला दोष देईल. वाटी फेकल्याचं लिहिलंत म्हणून: हात उगारला की वहिनी आणि मुलं शेजारी जातील, शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा, मुलाला शेजारचा नंबर पाठ करून घ्या. आजारपण आहे म्हणून मार खायचा नाही.

जाणीव जसजशी येते तसतशी निराशाही येते. "मी ओझं झालोय" हे वाक्य आलं की त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञ, आणि गोळ्या कुलपात. रात्री-बेरात्री बोलायला टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं, वहिनींनाही.

पुनर्वसनासाठी मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सरकारी आहे. लांब जाणं जमत असेल तर बेंगळुरूचं निमहान्स, वेल्लोरचं सीएमसी. जाताना मूळ सीटीची फिल्म किंवा सीडी न्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

पाटीपेन्सिल · बुधवार, सकाळी ८.१०

गाडी काल रात्री मामाकडे पोचवली. शनिवारी न्यूरोकडे प्रश्नांची यादी घेऊन जातोय. हातमाग, बाथरूमचं कार्ड करतो म्हटलं तर त्यावर नेमकं काय लिहू? आणि आठवणीसाठी फळा?

हातमाग · बुधवार, सकाळी ८.४५

कार्ड दादांच्याच हातून लिहून घ्या, स्वतःचं अक्षर वाचताना हुकूम वाटत नाही. आठ ओळी, त्याहून जास्त नको: कपडे खुंटीला / खुर्चीवर बसणे / दोन तांबे अंगावर / साबण हात, पोट, पाय / बादली संपेपर्यंत पाणी / टॉवेल / बाहेरच्या खुर्चीवरचे कपडे वरून खाली / दिवा बंद. लॅमिनेट करून बसल्यावर डोळ्यांसमोर येईल त्या उंचीवर लावा; उभ्या माणसाच्या उंचीला लावलं तर बसल्यावर दिसत नाही.

फळा दोन बाय दीड फुटांचा पांढरा, जेवणाच्या जागेसमोर. वर वार-तारीख, मग आज घरात कोण आणि बाहेर गेलेलं किती वाजता येणार, मग फक्त पुढची तीन कामं. झालेलं काम पुसायचं नाही, त्यावर त्यांनीच रेघ मारायची, म्हणजे "मी गोळी घेतली का?" याचं उत्तर तिथेच मिळतं. तोच प्रश्न पाचव्यांदा आला तर तोंडाने उत्तर देऊ नका, फळ्याकडे बोट करा; महिनाभरात ते विचारण्याआधी तिकडे बघायला लागतात. फोनच्या गजराला नाव द्या, "निळी गोळी, पाण्याची बाटली". नुसता टुणटुण वाजला तर बंद करतात आणि कशाचा होता ते विसरतात.

पहिल्या महिन्यात वार रोज सकाळी घरच्यांनी तपासायचा. आणि मार्कर दोरीने फळ्यालाच बांधा. घरात पाच वर्षांची मुलगी आहे, दुसऱ्या दिवशी तो सापडणार नाही, आणि फळ्यावर मंगळवार तसाच राहून दादा शुक्रवारीही मंगळवारची गोळी मागतील.